चित्रबलाकाची सावली

पक्ष्यांच्या नादाला मी लागलो तो लग्नांना कंटाळून. इंदापुरात माझा फोटो स्टुडिओ होता. पुढं काउंटर, मागं डोंगर-धबधबा रंगवलेला पडदा, एक गोल स्टूल आणि पार्टिशनपलीकडं अंधारखोली. उन्हाळा आला की लग्नसराई लागायची. एका दिवसात दोन गावांची दोन लग्नं. नवरीनं मान खाली घालायची, नवरदेवानं छाती पुढं काढायची आणि जेवणाच्या पंगतीत वरबापानं हटकून जिलेबीचा घास तोंडाशी धरून थांबायचं. तेच तेच फोटो. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझ्या हातात याहून काहीतरी जास्त आहे अशी माझी पक्की समजूत होती.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. एका रविवारी दुपारी बारामतीचे एक डॉक्टर दुकानात आले. दातांचे डॉक्टर. अंगावर खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण, बुटांना चिखल. कॅमेऱ्यात रोळ अडकला होता. मी कॅमेरा अंधारखोलीत नेला, चाचपून रोळ सोडवला, एकही फोटो वाया जाऊ दिला नाही. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. पुढच्या रविवारी या तळ्यावर. आम्ही उन्हाळाभर पक्षी मोजतो. फोटो काढणारं कुणी नाही आमच्यात."

तळ्याचं नाव मी लिहीत नाही. आमच्याच तालुक्यातलं जुनं तळं, पोटात बाभळीचं बन असलेलं. पावसाळ्यात बाभळी कमरेइतक्या पाण्यात उभ्या असायच्या. माघ-फाल्गुनात त्यांच्यावर चित्रबलाक यायचे. आमच्याकडं त्यांना चामढोक म्हणतात. माणसाच्या कमरेला लागेल एवढा पक्षी, पिवळीजर्द लांब चोच, शेंदरी तोंड, आणि शेपटाकडं असा गुलाबी रंग की कुणी मुद्दाम पिचकारी मारल्यासारखा वाटावा. एकेका झाडावर दहा-पंधरा घरटी. वैशाखात पिल्लांचा असा कालवा चालायचा की बांधावर उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागे. गावानं आणि डॉक्टरांच्या मंडळींनी मिळून एक समिती केली होती. बांधावर पाटी लावली होती : पक्ष्यांचं आश्रयस्थान, झाडावर चढू नये, फांदी तोडू नये. आणि राखणीला एक म्हातारा नेमला होता.

त्याला सगळे आबा म्हणत. मूळचा वरकुट्याकडचा. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. कालव्याचं पाणी आलं, चराईच्या रानात ऊस झाला आणि आबाच्या वाट्याची मेंढरं विकली गेली. तळ्याकाठी त्याचं खोपट होतं. बायको वारलेली. सोबतीला दोन शेळ्या, आणि मेंढपाळाची ती उंच काठी, टोकाला छोटा विळा बांधलेली. त्या आकडीनं पूर्वी तो मेंढरांना बाभळीच्या शेंगा पाडायचा. आता ती नुसतीच खोपटाला टेकून असायची. सवय म्हणून ठेवलीय म्हणायचा.

डॉक्टरांच्या वहीत आकडे असत. आबाच्या डोक्यात घरटी असत. डॉक्टर विचारायचे, "आबा, या रांगेत किती झाली?" आबा काठीनं दाखवत सांगायचा, "ह्या वाकड्या बाभळीवर नऊ. त्यातल्या दोघांनी परवा अंडी घातली. हे वरचं जोडपं खुळं हाय, काटक्या आनतंय आन् पाडतंय." डॉक्टर तेवढा नऊचा आकडा लिहून घ्यायचे.

तळ्यावर माया-बिया काही नव्हती. हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. तीन पिल्लांतलं शेवटचं उशिरा निघायचं. आई-बाप घरट्यात मासे ओकून टाकायचे आणि थोरली दोघं झडप घालून गिळायची. तिसरं चोच वर करून ओरडत राहायचं. चार दिवसांत त्याचा आवाज बारीक व्हायचा. मग एक दिवस ते कडेला सरकायचं, सरकवलं जायचं म्हणा, आणि खाली पडायचं. पाणी असलं तर बुडायचं. वैशाखात पाणी हटून पहिल्या रांगेखालची जमीन उघडी पडली की तिथं कुत्री बसलेली असायची, वर बघत. डॉक्टर म्हणायचे, "यात आपण पडायचं नाही. निसर्गाचा हिशेब आहे." आबा त्यांच्यासमोर मान हलवायचा. मंडळी गेली की पडलेलं पिल्लू उचलून खोपटात वेताच्या पाटीखाली झाकायचा आणि डबक्यातले मासे पकडून आणून भरवायचा. बहुतेक मरायची. एखादं जगायचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी मला त्यांची मोठी लेन्स वापरायला दिली. दिल्लीला की कुठं मोठी फोटो स्पर्धा होती. "एक तरी असा फोटो काढा," ते म्हणाले, "की या तळ्याकडं लोकांचं लक्ष जाईल." मी बांधावरून काढायचो, झाडाखालून काढायचो. पक्ष्यांचं पोट यायचं आणि काटक्यांचं बूड यायचं. घरट्यातलं काही दिसत नव्हतं. मला घरट्याच्या उंचीवर जायचं होतं. आबाला विचारलं तर त्यानं पाटीकडं बोट केलं.

"मला वाचाया येत न्हाय," तो म्हणाला, "पर काय लिवलंय ते ठावं हाय."

वैशाखातल्या एका सकाळी मी गेलो तेव्हा आबा धुतलेलं धोतर नेसून उभा होता. सणसरला त्याची लेक बाळंत झाली होती. आदल्या दिवशी निरोप आला होता आणि राखणीला कुणी मिळेना म्हणून तो अडून बसला होता. मला बघून त्याला हायसं वाटलं.

"बरं झालं तुमी आलासा. नातवंडाचं त्वांड बगतो आन् चारच्या आत माघारी येतो. तवर बसा हितं. झाडाखाली कुनाला जाऊ देऊ नगा, बास."

"जा तुम्ही आबा. मी आहे की," मी म्हणालो.

तो बांधावरून पाठमोरा दिसेनासा होईपर्यंत मी थांबलो. मग त्याच्या खोपटातलं बाजलं उचललं.

वाकड्या बाभळीशेजारी दुसरी एक बाभूळ होती, घरटी नसलेली. तिच्या दोन फांद्यांच्या दुबेळक्यात मी ते बाजलं दोरीनं बांधलं, भोवती गोणपाट लावलं. हातापायांत काटे मोडले. वर बसून पाहिलं तर समोर, वीस-बावीस फुटांवर, अगदी डोळ्यांच्या रेषेत एक घरटं होतं. पांढऱ्या लवेची तीन पिल्लं आणि शेजारी उभा मोठा पक्षी. पण मध्ये तीन फांद्या येत होत्या. भरगच्च पाला, आणि त्याची सावली नेमकी घरट्यावर.

मी खाली उतरलो, आबाची आकडी घेतली आणि त्या तिन्ही फांद्या उतरवल्या. पक्षी उडाला. खाली पडलेला पाला पुरावा म्हणून दिसू नये, एवढी अक्कल मला होती. फांद्या ओढत नेऊन मी आबाच्या शेळ्यांपुढं टाकल्या. शेळ्यांनी लगेच तोंड लावलं.

तेव्हा दहा वाजले असतील. मी गोणपाटात बसलो. पक्षी काही येईना. वर घिरट्या घालायचा, पलीकडच्या झाडावर उतरायचा, गोणपाटाकडं बघायचा. त्याचा जोडीदारही आला, दोघं शेजारी उभे राहिले. मोठ्या चित्रबलाकाला ओरडता येत नाही, नुसती चोच वाजवतो. दोघं चोची वाजवत होते.

अकरा वाजता उन्हानं घरटं पूर्ण व्यापलं. एरवी या वेळी मोठा पक्षी उन्हाकडं पाठ करून पंख पसरतो आणि पिल्लं त्या सावलीत बसतात. मला तोच फोटो हवा होता. पिल्लांनी चोची उघडल्या. त्यांच्या गळ्याखालची कातडी भराभर हलत होती, शिलाई मशिनची सुई हलावी तशी. लेन्समधून ते फार जवळून दिसत होतं. मला तहान लागली. मी बाटली काढून पाणी प्यालो.

साडेबाराच्या सुमारास कडेच्या पिल्लानं मान घरट्याच्या काठावर टाकली. मला वाटलं दमलंय. अर्ध्या तासानं त्याच्या डोळ्यावर माशी बसली आणि ती उठली नाही, तेव्हा मला समजलं.

खाली उतरायला मला दोन मिनिटं लागली असती. मी उतरून बाजूला गेलो असतो तर पक्षी आले असते. हे मला त्या वेळीच कळत होतं, मागून सुचलेलं नाही. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, आणखी पाच मिनिटं. रोळात अकरा फोटो उरले होते. आबा पुन्हा असा दिवसभर जाणार नव्हता. दुसरं पिल्लू मधलं होतं. ते आधी थरथरलं, उठून दोन पावलं टाकायला गेलं आणि पहिल्याच्या अंगावर पडलं. त्याचं मरण मी पूर्ण पाहिलं. डोळा लेन्सला लावून.

दोनच्या थोडं आधी पक्षी आला. कशामुळं धाडस केलं कोण जाणे. तो घरट्यात उतरला, मान वाकवून मासे ओकले. कुणी झडप घातली नाही. तिसरं पिल्लू तेवढं मान डोलवत होतं. पक्ष्यानं चोचीतून आणलेलं पाणी तिघांवरही सांडलं, मेलेल्यांवर आणि जिवंतावर सारखंच. मग उन्हाकडं पाठ केली आणि दोन्ही पंख छत्रीसारखे उघडले.

मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. अकराच्या अकरा फोटो काढले. त्या वेळी मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला.

चारला आबा परत आला तोवर बाजलं जागेवर होतं, गोणपाटाची घडी झाली होती. त्याच्या हातात फडक्यात बांधलेले बाळंतिणीचे लाडू होते. दोन माझ्या हातावर ठेवले. "नातू झाला," तो म्हणाला आणि झाडांकडं वळला. त्याला काही शोधावं लागलं नाही. वाकड्या बाभळीपाशी जाऊन तो वर बघत उभा राहिला.

"ह्या फांद्या कुटं गेल्या?"

"वारं सुटलं होतं दुपारी," मी म्हणालो. "वावटळ आली."

आबानं फांदीच्या कापलेल्या टोकांकडं पाहिलं. तिरका, स्वच्छ काप. "वाऱ्याला इळा कवापासनं आला?" त्यानं विचारलं.

मी मोपेडला किक मारली आणि निघालो. लाडू खिशात होते. गावात शिरेपर्यंत मी ते खाऊनही टाकले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी मंडळी मोजायला आली तेव्हा मी न जाता राहिलो असतो तर कदाचित वेगळं झालं असतं. पण मी गेलो. न गेल्यावर संशय येईल असं वाटलं. डॉक्टर होते, त्यांच्यासोबत बँकेतले एक साहेब, एक शाळेतल्या बाई आणि समितीतले दोघं गावकरी. वाकड्या बाभळीखाली दोन पिल्लांची कातडी-हाडं पडली होती, मुंग्या लागलेली. डॉक्टरांनी वर पाहिलं, फांद्यांची टोकं पाहिली.

"आबा, हे काय?"

आबानं माझ्याकडं सरळ बोट केलं. "ह्यो चढला हुता. शेजारच्या झाडावर. माझं बाजलं बांदून. दोरीचं वळ हायती बगा सालीवर."

सगळे माझ्याकडं वळले. मी तयारी करूनच आलो होतो.

"मी खालूनच फोटो काढले, डॉक्टर," मी म्हणालो. "मी होतो तेव्हा आबा इथं नव्हते. राखण सोडून सणसरला गेले होते. आणि शेळ्यांपुढं बाभळीचा पाला पडला होता, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

यात खोटं वाक्य एकच होतं, पहिलं. बाकी सगळं खरं होतं, आणि त्या खऱ्यानंच काम केलं.

शाळेतल्या बाई खोपटाकडं गेल्या. शेळ्यांच्या दाव्याजवळ सोललेल्या फांद्या पडलेल्या होत्या. आकडी भिंतीला टेकलेली होती, विळ्याला बाभळीचा डिंक सुकलेला. आणि आत पाटीखाली काहीतरी हलत होतं. बाईंनी पाटी उचलली. तिसरं पिल्लू होतं. ते दुसऱ्या दिवशी घरट्यातून पडलं होतं आणि आबानं उचलून आणलं होतं. चांगलं सावरलं होतं. बाईंना बघून त्यानं चोच उघडली.

"हे कशाला आणलंय घरात?" समितीतला एक गावकरी म्हणाला. "खायाला?"

आबा त्याच्याकडं वळला. मग म्हणाला, "म्या मासं चारतोय त्येला. पाच दीस झालं. इचारा की कुनालाबी."

पण त्याला पिल्लं भरवताना पाहिलेलं तिथं कुणीच नव्हतं, मी सोडून.

डॉक्टर चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत. शांतपणे म्हणाले, "आबा, रानातलं पिल्लू घरात ठेवायचं नसतं. ते त्याच्या झाडाखाली ठेवा. आई-बाप खाली उतरून भरवतील, नाही तर नाही. आपण मध्ये पडायचं नाही."

"उतरत न्हाईत ते खाली," आबा म्हणाला. "चाळीस पिल्लं पडलेली बगितल्याती म्या. एकासाठीबी उतरलं न्हाईत."

"ठेवा."

आबानं ठेवलं नाही. बँकेतल्या साहेबांनी ठेवलं. आम्ही सगळे बांधावर जाऊन उभे राहिलो, पक्ष्यांना त्रास नको म्हणून. पिल्लू त्या उघड्या भेगाळ जमिनीवर इकडं-तिकडं मान फिरवत होतं. मग ते आमच्याकडं, म्हणजे आबाकडं, चालायला लागलं. आठ-दहा पावलं आलं असेल. कुत्रं कुठून आलं ते मला दिसलंच नाही. आबा काठी उगारून धावला तेव्हा डॉक्टरांनी त्याचा दंड धरला. एका म्हाताऱ्याला धरायला कितीसा जोर लागतो. तोवर तिकडं संपलंही होतं.

शाळेतल्या बाईंनी तोंड फिरवलं. डॉक्टरांनी वही उघडून वाकड्या बाभळीपुढचा आकडा खोडला.

त्याच आठवड्यात समितीनं आबाला काढून टाकलं. खोपट समितीच्या जागेत होतं, तेही सोडायला लावलं. मला हे सांगायला गावातला एक जण दुकानात आला होता. ऐकताना मी एका मुलीचा, पाहुण्यांकडं पाठवायचा फोटो कापत होतो. चारी कडा सरळ कापल्या गेल्या.

रंगीत रोळ तेव्हा पुण्याला धुवायला जायचा. आठ दिवसांनी पाकीट आलं. अकरांपैकी सातवा फोटो असा होता की मी स्वतःही बघत राहिलो. पंखांमधून ऊन गाळून आलेलं, कडांचा गुलाबी रंग पेटलेला, खाली तीन पिल्लं. एक मान उंचावलेलं, दोन निवांत झोपलेली. ती झोपलेली नाहीत हे ज्याला माहीत नाही त्याला कधीच कळलं नसतं.

डॉक्टरांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. ते म्हणाले, "याचं नाव 'सावली' ठेवू."

फोटोला बक्षीस मिळालं. बारामतीत सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. एका बाईनं फोटोपुढं उभं राहून पदरानं डोळे पुसले आणि तिच्या मुलाला म्हणाली, "बघ, आई अशी असते." तो पक्षी नर होता की मादी, हेदेखील मला माहीत नव्हतं. दोघंही आळीपाळीनं राखण करतात. मी त्या बाईला नमस्कार केला.

फोटो कॅलेंडरवर छापला गेला, आणि डॉक्टर म्हणाले तसंच झालं, तळ्याकडं लोकांचं लक्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून, सोलापुराहून कॅमेरे घेऊन माणसं यायला लागली. रविवारी बांधावर गाड्या लागायच्या. सगळ्यांना सावलीवाला फोटो हवा असायचा. ते मला विचारायचे, कुठून काढला? मी जागा दाखवायचो. हो, दाखवायचो. नवा राखणदार पोरसवदा होता, त्याला कुणी जुमानत नसे. आषाढापर्यंत पहिल्या रांगेतल्या झाडांच्या फांद्या खालपासून साफ झाल्या होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी पहिल्या रांगेवर एकही घरटं झालं नाही. पक्षी आत खोल पाण्यातल्या बाभळींवर सरकले, आणि निम्मे आलेच नाहीत. डॉक्टरांनी वहीत लिहिलं की त्या साली पाऊस कमी झाला होता. तेही खरंच होतं.

आबा मला पुन्हा भेटला तो साधारण अडीच-तीन वर्षांनी. माझ्याच दुकानात. निराधारांना सरकारकडून मिळतं त्याचा अर्ज करायचा होता, त्याला फोटो लागत होता. सोबत भावकीतला कुणी त्याला दारात सोडून तहसीलकडं गेला होता. आबा वाळला होता, एका डोळ्यात फूल पडलेलं. हे दुकान माझं आहे, हे आत येईपर्यंत त्याला माहीत नसावं. काउंटरमागं मी दिसलो तसा तो थांबला. मग त्याची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली. भिंतीवर 'सावली' होती, तीन फूट रुंद, काचेच्या फ्रेममध्ये.

बाकावर एक नवरा-बायको लहान बाळ घेऊन बसले होते. बाळाचा पहिला फोटो काढायचा होता.

आबा काउंटरला टेकून एका डोळ्यानं फोटो न्याहाळत राहिला. "ब्येस आलाय," तो म्हणाला. मग त्या बाळाच्या आईकडं वळून, अगदी साध्या आवाजात, "ह्यातली ही दोन मेल्याली हायती, बाई. तिसरं माझ्याकडं हुतं."

बाई कावरीबावरी होऊन माझ्याकडं बघायला लागली. मी हसलो. "म्हातारं माणूस आहे," असं काहीसं पुटपुटलो. आणि आबाला म्हणालो, "या, बसा स्टुलावर."

तो बसला. मी दिवे लावले. त्याच्या पांढऱ्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, दिव्यांमुळं. "मान वर करा," मी म्हणालो. "जरा उजवीकडं. हलू नका." त्यानं जसं सांगितलं तसं केलं. फोटो झाल्यावर बाहेरची माणसं ऐकणार नाहीत अशा बेतानं मी त्याला म्हणालो, "आबा, मी समितीपुढं जाऊन खरं सांगतो. उद्याच सांगतो. तुम्हाला परत घ्यायला लावतो."

"आता?"

"चूक झाली माझ्याकडून."

आबा स्टुलावरून उठला नाही. "तितं आता माझ्या चुलतभावाचा नातू लागलाय," तो म्हणाला. "त्याचं लगीन ठरलंय त्या कामावर. त्याला उठवू व्हय म्या?"

मी दिवे मालवले.

"तुला हलकं व्हायाचंय," आबा म्हणाला. त्या तीन वर्षांत मी तुमीचा तू झालो होतो. "त्यापायी आता त्या पोराला उठवायचं. फोटू कवा मिळंल ते सांग."

"परवा."

"परवा मानूस पाठीवतो," तो म्हणाला, आणि पडद्यावरच्या रंगवलेल्या धबधब्याला हात लावून भिंत चाचपत बाहेर गेला.

त्या रविवारी मी बारामतीला डॉक्टरांच्या घरी गेलो. निदान एका माणसाला तरी सांगावं म्हणून. ते अंगणात बसून दुर्बिणीची भिंगं पुसत होते. मी सगळं सांगितलं, बाजलं, आकडी, दहापासून दोनपर्यंतचं ऊन. त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

"ती लेन्स माझी होती," ते म्हणाले. "तिचा पल्ला मला माहीत नव्हता असं वाटलं तुम्हाला? आणि फोटो डोळ्यांच्या रेषेत होता. खालून काढलेला फोटो तसा येतो का?"

"मग तुम्ही तेव्हा..."

"तेव्हा मला तो फोटो हवा होता. तुमचं नाव गेलं असतं तर फोटोही गेला असता. एका राखणदारापेक्षा तळं मोठं आहे." मग भिंग उजेडाकडं धरून त्यांनी एक डोळा मिटला. "चहा घेणार ना?"

मी चहा घेतला. घेतला आणि परत आलो. भिंतीवरचा फोटो काढीन असं येताना एस.टी.त ठरवलं होतं. काढला नाही. त्या फोटोमुळं लोक दुकानात यायचे.

शेवटचा प्रसंग आमच्याच तालुक्यातल्या कळंबचा. तिथं एका लग्नाची ऑर्डर उरकून मी गाडीची वाट बघत फाट्यावरच्या झाडाखाली उभा होतो. चैत्र होता. पाराला टेकून आबा बसला होता. आता दोन्ही डोळे गेल्यात जमा असावेत. पायांजवळ पिशवी, हातात साधी काठी. आमच्या दोघांशिवाय तिथं कुणी नव्हतं. वरून चार चित्रबलाक तळ्याच्या दिशेनं गेले, माना लांब केलेले. मी बघितले. आबानं मान वर केली नाही.

"रामराम आबा," मी म्हणालो.

त्यानं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. हात कपाळापर्यंत नेला. "रामराम. कोन म्हनायचं आपन? डोळं न्हाईत, वळख लागंना."

त्यानं मला आपण म्हटलं होतं. त्यानं खरंच ओळखलं नव्हतं की ओळखूनच विचारत होता, ते मला त्याच्या तोंडावरून समजेना. तो वाट बघत होता.

"इंदापूरचाच," मी म्हणालो. "तुम्ही नाही ओळखणार."

"असंल," आबा म्हणाला. "इंदापूरची लई मानसं."

इतक्यात गाडी आली. कंडक्टरनं घंटी दिली. आबाला कुठं जायचं होतं, हे मी विचारलं नाही. कॅमेऱ्याची बॅग छातीशी धरून मी चढलो आणि त्याच्याकडंची खिडकी सोडून पलीकडच्या बाजूला बसलो.